डावी बाजू

दुकानाचं शटर पुरतं वर जायच्या आधीच जनरेटर ऑपरेटर वाकून आत आले. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. छातीशी घट्ट धरलेला कॉम्प्युटर त्यांनी टेबलावर ठेवला.

"साउंड कार्ड बसवून हवंय. असेल त्यातलं उत्तम. अकराच्या आत."

टेबलामागची तंत्रज्ञ मुलगी स्क्रू-ड्रायव्हर शोधत होती. "आत्ताशी सव्वादहा होतायत, काका. त्रास काय आहे?"

"गेममध्ये आवाज नीट येत नाही."

दूरच्या शहरात नोकरी करणारी त्यांची लेक आणि ते दर रविवारी अकराला खेळायला बसत. बर्फातून चालत दोघांनी पलीकडचं गाव गाठायचं. वाटेत लांडगे येत. ते दिसायच्या आधी त्यांची पावलं ऐकू येत. लेकीला यायची, यांना नाही. गेले चार रविवार लांडग्यांनी दोघांचाही फडशा पाडला होता. आठवड्यात तो एकच तास लेक निवांत बोलायची. मागच्या रविवारी म्हणाली, "बाबा, तुमचं लक्षच नसतं हल्ली. माझं मन राखायला खेळू नका. थांबवू आपण."

"लेकीबरोबरचा खेळ थांबवायचा नाहीये," ते टेबलामागच्या मुलीला म्हणाले. "म्हणून कार्ड."

मुलीने कॉम्प्युटर चालू केला. "खरखर येते? मागे सूं असं काही वाजत राहतं?"

"नाही."

"मग मदरबोर्डवरचाच आवाज पुरेल. खरखर असली, नाहीतर फार भारी हेडफोन असला, तरच वेगळं कार्ड घेण्यात अर्थ."

"मला परवडेल का, असं मी विचारलेलं नाही."

"मीही तसं म्हटलं नाही. आधी ऐकून तर बघू."

तिने त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि हेडफोन लावला. पावलं वाजतील, जिकडून येतील तिकडे हात करायचा. पावलं समोरून आली. त्यांनी हात समोर केला. मग उजवीकडून. हात उजवीकडे गेला. मग बराच वेळ हात मांडीवरच राहिले.

"कर ना सुरू," ते म्हणाले.

"सुरूच आहे, काका."

भिंतीकडेच बघत ते म्हणाले, "कार्ड बसव."

तिने बसवलं. दहा मिनिटं गेली. पुन्हा भिंत, पुन्हा पावलं. समोर, उजवीकडे, आणि पुन्हा मांडीवरचे हात.

"हेडफोन गेला असेल," मुलगी हळूच म्हणाली. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे त्यांना कळलं.

त्यांनी हेडफोन काढून हातात धरला. चाळीस वर्षं मशीनच्या खोलीत गेली होती. दोष तारेत की मशीनमध्ये, कळेनासं झालं की तारांची अदलाबदल करायची, दोष कुठे जातो ते बघायचं. हे त्यांनी कितीजणांना शिकवलं होतं. त्यांनी हेडफोन फिरवला, डावी वाटी उजव्या कानाला लावली आणि म्हणाले, "आता डावीकडून चालव."

पावलं आली. अगदी जवळून, बर्फ चुरचुरत.

"आता उजवीकडून."

पडद्यावर पावलांची खूण उजवीकडे सरकताना मुलीला दिसत होती. ते भिंतीकडे बघत बसले होते.

"दोष जागचा हलला नाही," ते म्हणाले.

मुलीने पावलं थांबवली.

"कामावर माझ्या खुर्चीच्या उजवीकडे पॅनल होतं आणि डावीकडे जनरेटर. फोन कायम या उजव्या कानाला धरतो. मला वाटायचं, सवय आहे." त्यांनी हेडफोन मांडीवर ठेवला आणि जरासं हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं. काढ ते कार्ड."

"दोन्हीकडचा आवाज एका कानात आणता येतो," मुलगी कार्ड काढता काढता म्हणाली. "सगळं ऐकू येईल. पण कुठल्या बाजूने येतंय, ते कळणार नाही."

"म्हणजे लांडगा आला एवढं कळणार."

"हो. नाहीतर कुणाला न सांगता असंच खेळायचं, अंदाजाने."

"चार रविवार तेच केलंय." त्यांनी घड्याळ बघितलं. अकराला तीन मिनिटं होती. "इथून जोडता येईल?"

तिने इंटरनेटची तार लावली, आवाज एका कानात आणून दिला आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. स्वतः टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कुणाचा तरी पंखा साफ करू लागली.

पडद्यावरच्या बर्फाळ वाटेवर त्यांचा माणूस उभा होता. थोड्या वेळाने लेकीचा माणूस आला आणि उजवीकडे थांबला.

"मला वाटलं, आज येत नाही तुम्ही," लेक म्हणाली.

"माझं लक्ष असतं," ते म्हणाले. "डाव्या कानाने ऐकू येत नाही. आत्ता तपासलं. लांडगा आलेला कळेल, कुठून आला ते नाही."

त्यांनी हेडफोन कानावर दाबला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"माहीत नाही. मी कुणाला कळू दिलं नाही. मला स्वतःलाही नाही."

"डॉक्टर?"

"उद्या सकाळी जातो. आज खेळायचंय."

पडद्यावर तिचा माणूस जागचा हलला. यांच्या माणसासमोरून वळसा घालून, बर्फात पावलांचा अर्धगोल उमटवत तो डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"चला," ती म्हणाली.