साफ्ताची रिकामी गाडी

प्रुत नदी झारच्या साम्राज्याची हद्द झाली, त्याला दोनच वर्षं झाली होती आणि आमच्या नाक्यावर जकातीचं दरपत्रक पाचव्यांदा बदललं होतं. त्यात लोकर, मीठ, मेण सगळ्यांचे दर होते. साफ्ता म्हातारीच्या रिकाम्या गाडीचा तेवढा नव्हता.

दर गुरुवारी पलीकडून येताना ती गाडी नाक्याच्या काट्यावर जातानापेक्षा चार पूड जास्त भरायची. पूड हे रशियन माप; चार पूड म्हणजे एका पुरुषाचं वजन. त्या गुरुवारी मी बैल सोडले, चाकं तपासली, प्रमाण वजनं ठेवून काटा तीनदा पडताळला. काटा बरोबर होता.

"आज हे वजन कशाचं ते कळलं नाही तर तुझी नोकरी गेली," निरीक्षक सकाळीच म्हणाले होते.

"आजी, काय लपवलंय गाडीत?" मी विचारलं.

"माझं नशीब! त्यावरही जकात लावलीत का रे साहेबा?" ती म्हणाली. पण बाकाच्या डाव्या बाजूला ती स्वतः कधी बसत नसे, आणि मलाही तिथे हात ठेवू देत नसे.

मी पुरता वैतागलो. हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येकाला देतो तोच हुकूम त्या रिकाम्या बाकाला दिला, "चला, खाली उतरा!"

काटा खटकन हलला. चार पूड कमी झाले.

साफ्ताचा चेहरा पांढराफटक पडला. "काय केलंस हे, मेल्या! त्याला परत चढायला सांग. माझं नाही ऐकायचा तो."

"चढा," मी म्हणालो. मग ओरडून म्हणालो.

काटा हलला नाही. काट्याबाहेर, नाक्याच्या लाकडी जमिनीची माझ्या शेजारची फळी मात्र हळूहळू वाकली.