ओढ्याचा ठिपका

पालिकेच्या कचेरीत साहेबांच्या संगणकाच्या पडद्यावरच्या नकाशात ओढ्याच्या नावाचा निळा ठिपका लुकलुकत होता, आणि समोर उभ्या नसीमबानूंच्या साडीच्या काठावर परवाच्या पुराचा चिखल अजून ओला होता. कात्रजच्या त्या ओढ्याने त्यांच्या घराची मागची भिंतच नेली होती. पंचनाम्यावाचून डोक्यावर छप्पर मिळणार नव्हते.

"ओढ्यापासून शंभर मीटरच्या आतलं घरच पूरग्रस्त धरतात, बाई," साहेब समजुतीने म्हणाले. "ओढा तुमच्यापासून आठ किलोमीटरवर आहे."

"तो आमच्या भिंतीला लागून वाहतो, साहेब."

"वाहत असेल हो! पण एवढ्या लांबलचक ओढ्याला नकाशावर जागा एकच देता येते. नियमाने ती, तो नदीला मिळतो तिथली."

"म्हणजे जिथे तो संपतो, तेवढ्याच जागी तो आहे?"

"आत्ता कसं समजलं!"

नसीमबानूंनी पदर सावरला. "मग आमच्या वरच्या अंगाला, भर पात्रात ते बारा मजले उभे राहिले, त्यांना परवानगी देतानाही आपण ओढा याच ठिपक्यापासून मोजलात का?"

नुकताच चहा पिऊन आलेले साहेब पुन्हा चहाला निघून गेले.