सातवा साक्षी

खिडकीच्या फळीवर सहाच पेले होते. थोरल्या जाऊबाईंनी ते उजवीकडून मोजले, मग डावीकडून मोजले. सहा. भट्टीपाशी एकावर एक रचलेले रिकामे ट्रे मात्र सात.

नेम त्यांनीच घालून दिलेला होता. काचेवरची शाई नुसती सुकली तरी भाजल्यासारखीच दिसते. नख चालवल्यावाचून फरक कळत नाही, आणि कच्ची असेल तर चित्र नखाबरोबर निघून येते. म्हणून प्रत्येक ट्रेच्या कोपऱ्यात टवका उडालेला एक पेला असे. त्यावरही तेच चित्र छापायचे, ट्रे भट्टीतून निघाला की नख त्याच्यावर चालवायचे, आणि चित्र टिकले तर तो पेला फळीवर ठेवायचा. त्याला त्या साक्षी म्हणत.

सहावा ट्रे काढल्याचे त्यांना स्पष्ट आठवत होते. हातमोजा झटकला होता, कपाळ पुसले होते. मग? मग पाणी प्यायल्या होत्या. की ते कालचे?

"आई, काय मोजताय मघापासून?" सून म्हणाली. ती पुढचा माल छापीत होती. रबरी पट्टी जागीच दाबून धरलेली, छपाईच्या जाळीची चौकट आडवी सरकत होती, आणि तिच्याखाली पेला एक वेढा फिरून निळा मासा अंगावर घेत होता. "पेल्यांना पाय फुटले की काय?"

"तू तुझ्या हाताकडे बघ. माशाची शेपटी फाटली तर तुझ्या माथी मारीन."

सून हसली. थोरल्यांना हसू आले नाही. उद्या अडीचशे लहानग्या तोंडांना हे पेले लागणार होते. कच्चा मासा दुधाबरोबर कोणाच्या पोटात जायचा?

"मावशी, आटपा," दारातून गाडीवाला ओरडला. "शाळा सुटायची घंटा काही माझ्यासाठी थांबायची नाही."

कोपऱ्यातल्या बाकावर धाकटी जाऊ पेले कागदात गुंडाळीत बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातून एक ट्रे कच्चा राहिला होता. 'ज्याला आठवत नाही, त्याने भट्टीला हात लावायचा नाही,' असे थोरल्यांनी सर्वांसमक्ष बजावले होते. त्या दिवसापासून धाकटीची जागा तो बाक. तिने त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता.

थोरल्या तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवायचा म्हणून तोंड उघडले, पण तो चढेना.

"सातवा ट्रे तुझ्याकडे कोणी आणून दिला?"

धाकटीने मान वर केली नाही. "तुम्हीच, जाऊबाई."

"आणि साक्षी?"

धाकटीने कागदांच्या गठ्ठ्याखालून टवका उडालेला पेला काढला. माशाचे डोके होते, धड नव्हते. तिच्या अंगठ्याच्या नखात निळे भरले होते.

"ट्रेमध्येच राहिला होता," ती हळूच म्हणाली. "त्या छत्तीस पेल्यांचा खोका मी गाडीत चढवू दिला नाही. माझ्या पायाशी आहे. शाळेला सांगू, वाटेत फुटले म्हणून. गाडी जाऊ द्या. सुनेला कळलेलं नाही."

थोरल्यांनी तो पेला हातात घेतला. बाहेर गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

"छत्तीस पोरांनी काय ओंजळीने प्यायचं?" त्या म्हणाल्या. मग वळल्या, आणि आता आवाज चढला. "गाडी थांबेल! एक ट्रे कच्चा आहे."

सुनेच्या हातातली चौकट अर्ध्यावर अडली. तिने आधी धाकटीकडे पाहिले. सवयच तशी होती.

"तिकडे काय बघतेस? माझ्या हातचा आहे." थोरल्यांनी हातातला भट्टीचा मोजा ओढून काढला आणि सुनेपुढे धरला. "खोका सोड, एकेक पेला कडेला धरून ट्रेमध्ये लाव, साक्षी कोपऱ्यात. आजपासून भट्टी तू बघायचीस."

"अहो आई, एकदा राहिलं तर एवढं काय..."

"एकदाच राहिलं होतं. हिचंही."

सुनेने मोजा घेतला. तिच्या हाताला तो मोठा होत होता.

थोरल्या बाकापाशी परत आल्या.

"सरक जरा."

धाकटी सरकली. दोघींच्या मध्ये तिने कागदांचा गठ्ठा ठेवला. थोरल्यांनी एक पेला उचलला आणि ताठ बसून, कोणी पाहत नाही अशा थाटात, तो गुंडाळला. धाकटीने तो हातात घेऊन निरखला, सैल बसलेला कागद उलगडला, आणि पेला पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.