देवाप्पाचा डावा हात

एकसष्ट साली, त्रिविक्रमरावांच्या राजाजीनगरातल्या डब्यांच्या कारखान्यात, बेळगावकडच्या देवाप्पाचा उजवा पंजा पत्र्याबरोबरच कापला गेला. देवाप्पा पत्रा सरकवत असतानाच घाईघाईनं यंत्राचा दांडा ओढला होता खुद्द त्रिविक्रमरावांनी. पण एवढ्यातेवढ्याचा बोभाटा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भरपाई देणं तर त्याहून नव्हतं.

कामगार खात्याचे साहेब चौकशीला आले, तेव्हा रावांनी त्यांच्या हाती आधी कॉफी दिली. मग म्हणाले, "भरपाई कशाबद्दल, साहेब? डावा हात शाबूत आहे की त्याचा! आता नुसता दांडा ओढायचा, स्वल्प जोर लागतो. नोकरी कायम, पगार तोच. काय रे देवाप्पा?"

"जमत न्हाई, अण्णा," देवाप्पा म्हणाला. "कवा वढायचं, त्ये डाव्या हाताला कळतच न्हाई."

"सोंग करतोय, साहेब! थांबा, आत्ताच दाखवतो."

रावांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतः पत्रा पात्याखाली धरला. "मी सांगेन तेव्हाच ओढ हं," असं देवाप्पाला बजावून ते साहेबांकडं बघून हसले.

खाडकन पातं खाली आलं. रावांची चार बोटं पत्र्यावरच राहिली, राव किंचाळत जमिनीवर लोळू लागले आणि साहेबांच्या कॉफीत रक्त उडालं.



देवाप्पानं दांडा हलकेच जागेवर नेऊन ठेवला. "बघा सायेब, म्या म्हनलं न्हवतं? डावा हात काय कामाचा न्हाई."