ब्राक

"ताई, तुझं लग्न झालंय का?"

एवढं विचारून विजयश्री दाराकडे सरकली. न जाणो, उशी फेकून मारली तर! पण हिंमत असेल तर विचारून दाखव, असं तेजल आणि स्वरूपाने मधल्या सुट्टीत तिला बजावलं होतं. बारावीच्या वर्गात माघार घेतली की वर्षभर टोमणे ठरलेले.

स्वप्नालीने उशी फेकली नाही. ती ओढणीची घडी घालत होती. घडी तशीच हातात राहिली.

"झालेलं नाही," ती म्हणाली. "कुणी भरवलं हे डोक्यात? अठरा पूर्ण झाली ना तुला? जरा अक्कल येऊ दे."

अठरा मागच्याच आठवड्यात झाली होती. ताईने वाढदिवसाच्या कार्डावर तिचं नाव रशियनमध्ये लिहून दिलं होतं. आपलं नाव इंग्रजी बीने सुरू होतंय हे बघून विजयश्री खो खो हसली होती. रशियन 'व' तसाच दिसतो म्हणे.

आत्ता मात्र तिला हसू येईना. ताईने ओढणी उलगडली, पुन्हा घातली तीच घडी. विजयश्रीच्या मनात पाल चुकचुकली.

ती काही उगाच चुकचुकत नव्हती. स्वप्नाली विद्यापीठात रशियन घेऊन एम.ए. करत होती, शेवटचं वर्ष. दर गुरुवारी ती चाकणच्या एका कंपनीत जायची. कंपनीचे सुटे भाग रशियाला जात, तिकडच्या इंजिनिअरांशी बोलायला दुभाषी लागायचा. संध्याकाळी सुजित नावाचा कुणी तिला गाडीवरून डांगे चौकात सोडायचा. चौकातच. गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा कधी नाही.

शिवाय ती निळी वही. ताईचं रशियन अक्षर इतकं लपेटीदार, की मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही वाचता येईना. मग पानापानावर येणारा एक शब्द विजयश्रीने तळहातावर उतरवला आणि वर्गात तेजलच्या मोबाइलमध्ये एकेक अक्षर शोधून भरला. उच्चार: ब्राक. अर्थ: लग्न.

"अगं बाई, पानापानावर लग्न!" तेजल किंचाळली. "रजिस्टर केलं असणार. माझ्या मावशीने तेच केलं. तीन साक्षीदार नेले, सह्या ठोकल्या आणि पेढे घेऊन दारात हजर!"

तेजलच्या मावशीला पेढे पचले. विजयश्रीच्या आत्याला पचले नव्हते. आत्याने मनाने लग्न केलं, त्याला नऊ वर्षं झाली. "तिचं नाव या घरात घ्यायचं नाही," असं पप्पा म्हणाले आणि खरंच कुणी घेतलं नाही. आता रविवारी ताईला बघायला भोसरीचे पाहुणे येणार होते. जमलं की विद्यापीठ बंद, रशियन बंद, हेही पप्पांनी सांगून टाकलं होतं. आत्यासारखी ताईही पुसली गेली तर?

"मग वहीत सारखं ब्राक, ब्राक काय लिहिलंय?" विजयश्रीने शेवटी तोंड उघडलंच. "मोबाइल म्हणतो लग्न."

स्वप्नालीचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभरच. मग ती अशी हसत सुटली, की पहिल्या शिफ्टवरून आलेले पप्पा चहाचा कप घेऊन आत डोकावले.

"पप्पा, ब्राक म्हणजे लग्न. आणि कंपनीत ब्राक म्हणजे खराब निघालेला माल. रशियनमध्ये शब्द एकच! ही येडी बसलीय माझी लग्नं मोजत."

पप्पांची वीस वर्षं माल तपासण्यातच गेली होती. त्यांनी वही हातात घेतली. तारीख, ब्राक, आकडा. तारीख, ब्राक, आकडा.

"हे तर आपलं रिजेक्शन! बारा पीस, सात पीस... लग्न आन् रिजेक्शन एकाच शब्दात? लई हुशार माणसं राव!"

"आम्हाला कुणी तपासून घेऊ दिलं नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता परत करायची मुदतही गेली."

सगळे हसले. ताई सगळ्यात जास्त.

जरा जास्तच.

ती केस धुवायला गेली तशी विजयश्रीने वही पुन्हा उघडली. शेवटचं पान पेन्सिलीने लिहिलेलं होतं. येत्या गुरुवारची तारीख. ब्राक.

माल अजून तपासायचाय, आणि रिजेक्शन आधीच?

खाली एक नवा शब्द होता. पुढे तीनचा आकडा आणि तीन सुटी अक्षरं. के. एम. बी. बीच्या पुढे प्रश्नचिन्ह.

विजयश्रीने तो शब्द मोबाइलमध्ये भरला. तासभर लागल्यासारखं वाटलं. अर्थ आला: साक्षीदार.

टेबलावर वाढदिवसाचं कार्ड उभं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग वहीतल्या बीकडे. मग कंपासपेटीतलं खोडरबर काढलं आणि प्रश्नचिन्ह तेवढं पुसून टाकलं.

बाहेर पप्पा रविवारच्या पाहुण्यांसाठी सामानाची यादी सांगत होते, आई लिहून घेत होती. विजयश्री दोघांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, पप्पा, मी ठरवलंय. गुरुवारी कॉलेजला दांडी. मी ताईबरोबर चाकणला जाणार, रिजेक्शनच्या कागदावर तिसरी सही कमी पडतेय."