सांध्याची परीक्षा

जपानच्या छोट्या बेटावरल्या गोदीत तोआनने वेल्ड केलेली पोलादी पट्टी परीक्षकाने दाबयंत्रात ठेवली. सांध्याला तडा गेला, तर व्हिसा संपून तोआनला व्हिएतनामला परतावं लागणार होतं. सांधा टिकला, तर नव्या कायद्याने बायको-लेकीला इथे आणता येणार होतं. पट्टी वाकू लागली. "श्वास घे की लेका, वाकतेय ती पट्टी, तू नाहीस!" शहात्तर वर्षांचे मुकादम कुरोइवा पुटपुटले. त्यांचं कसब उचलणारं गोदीत तोआनशिवाय दुसरं कुणी नव्हतं. कट्कन आवाज झाला. तोआनने डोळे मिटले. परीक्षकाने पट्टीला भिंग लावलं. "आवाज यंत्राचा होता. सांधा शाबूत. पास." तोआन मटकन बसला. कुरोइवांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "लेक केवढी रे तुझी?" "सहाची, उस्ताद." "मग चल आधी शाळेत! पहिलीत बसायला बेटावर एकही पोर नाही म्हणून टाळं ठोकतायत."