पाइपलाइनचा रस्ता

"कटईच्या रस्त्यानं का नाय रे?" काळुरामने मागून विचारलं.

"ट्रक असतात तिकडे, बाबा. पाइपलाइनच्या कडेने जाऊ. धूळ आहे, पण शांत."

दिपेश खोटं बोलत होता. रविवारी पहाटे कटई रस्त्यावरून त्याचा रायडिंग ग्रुप जायचा. ठाण्यातल्या टॉवरांतली, वागळे इस्टेटच्या ऑफिसांतली पोरं. घरची जमीन बिल्डरला गेल्यापासून त्यांच्यात सगळ्यात महागडी गाडी दिपेशची होती. आणि त्या गाडीवर आज मागे बसलेले बाबा: चुरगळलेला लेंगा, टोपी, खांद्यावर टॉवेल, मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी.

बारवी धरणाकडच्या एका गावात शिवराम राहायचा. तो आणि काळुराम तरुणपणी मिठागरावर एकत्र खपलेले. आता शिवराम अंथरुणाला खिळला होता. दिपेशने त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

गवतावर दव होतं. पाइपावर एक बगळा मान आखडून बसलेला. खड्डा आला की काळुराम लेकाच्या खांद्यावर हात ठेवायचा, खड्डा गेला तरी थोडा वेळ तो तिथेच राहायचा.

खोणीच्या पुढे वाट खोदून ठेवलेली. नेवाळीला मोठ्या रस्त्यावर निघावंच लागलं. आणि तिथेच चहाच्या टपरीपाशी ग्रुपच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या.

"अरे, दिपेश!" शौनक हात हलवत पुढे आला. "तू तर येणार नव्हतास ना? आणि हे कोण?"

दिपेशने हेल्मेट काढलं नाही.

"गावातले आहेत. बदलापूरच्या पुढे जायचंय त्यांना. म्हटलं, सोडतो."

काळुराम एक पाय खाली टेकवून उतरत होता. तो क्षणभर तसाच थांबला. मग पिशवी अंगाआड धरून शौनककडे बघून हसला.

"पोरगा भला हाय. लिफ्ट दिली मना."

"भाई, तू पण ना!" शौनकने दिपेशच्या पाठीवर थाप मारली आणि म्हाताऱ्याला चहा दिला. काळुरामने तो बाजूला, गाड्यांपासून लांब उभं राहून प्यायला.

पुढच्या रस्त्यावर खड्डे जास्त होते, पण खांद्यावर हात आला नाही. काळुरामने मागची लोखंडी दांडी घट्ट धरली होती. दिपेशचे कान तापले होते.

"बाबा, मघाशी मी..."

"समोर बघून चालव."

बदलापूर मागे पडलं. शेतांमधून एकच अरुंद वाट उरली. ओढ्यापाशी गाडी हळू झाली, तेव्हा काळुराम आपणहून बोलला.

"सगुणा गेली तवा शिवरामला येता नाय आला. म्हटलं, तो हाय तवर भेटून घेव."

दिपेशने गिअर बदलला. आई गेली तेव्हा तो लडाखला होता. बाबांचे फोन तो कापत राहिला होता, कारण घाटात सगळे फोटोसाठी थांबले होते. संध्याकाळी फोन केला, तोवर घरची माणसं स्मशानातून परतली होती.

ओढा ओलांडताना त्याने मनाशी ठरवलं. शिवरामच्या दारात आपण कोण ते सांगायला कुणी विचारायची वाटही बघायची नाही.

शिवरामचं घर गावाच्या टोकाला होतं. त्याची सून समीक्षा दोघांना आत घेऊन गेली. खाटेवर हाडांचा सापळा उरलेला म्हातारा काळुरामला बघून उठायला धडपडला. दोघं एकमेकांचे हात धरून रडले, हसले. बोंबलांचा वास घेऊन शिवरामने डोळे मिटले.

मग त्याची नजर दारापाशीच थांबलेल्या दिपेशकडे गेली. "ह्यो कोण?"

"तो..." काळुराम घाईने म्हणाला, "गाडीवाला हाय. बाहेर थांबल तो."

दिपेशला ते लागलं. पण हे आपणच बाबांना शिकवलं, असं त्याला वाटलं. तो पुढे झाला, वाकला आणि शिवरामच्या पायांवर डोकं टेकवून मोठ्याने म्हणाला, "गाडीवाला नाही, काका. मी यांचा मुलगा. दिपेश."

काळुरामने टॉवेलात तोंड लपवलं.

शिवरामने हळूच पाय आखडून घेतले.

"काळू," तो म्हणाला, "तुजा पोर सगुणाच्या आदीच वारला, म्हणून पुतण्यानं अग्नी दिला, असा तू मना सांगितलास ना?"